आडव्या बोरातली हाक

बागेला पुन्हा ताण दिला आहे. ज्यांनी संत्री फक्त ठेल्यावरून घेतली, त्यांना हे सांगावं लागेल. आमच्या शेंदूरजनाघाटकडे संत्र्याचं झाड फुलवायचं असेल तर आधी त्याला तहानेनं मारावं लागतं. थंडी पडली की पाणी बंद. झाडांभोवतीची आळी मोडायची आणि मोटरीची चावी कमरेला लावायची. पानं आधी मऊ पडतात, मग कडा आत वळवतात, मग सगळ्या बागेवर न घासलेल्या पितळेसारखा मळका रंग चढतो. झाडाला वाटतं, आपण मरणार. त्या भीतीनंच ते फुलतं. पाणी सोडून ताण कधी तोडायचा हे ज्याला कळलं तो बागायतदार, नाही कळलं तो लाकडाचा व्यापारी.

या दिवसांत भर दुपारी मी बागेत जात नाही. पाट वाहत नाही, मोटर चालत नाही, पोपटही येत नाहीत. नुसती झाडं उभी. इतकी झाडं एका जागी उभी राहून काहीच करत नाहीत, हे बघवत नाही. पोरींच्या लग्नात वरपक्ष गप्प बसला की जसं वाटतं, तसं वाटतं. काहीतरी मनात धरून बसलेत.

मी घाबरट बाई नाही. लग्न होऊन अकोल्याला गेले आणि घरात दाणा नव्हता तेव्हा बसस्टँडवर टोपली घेऊन बसले. बाळापूरच्या गाड्या, मूर्तिजापूरच्या गाड्या, खिडकीखिडकीशी ओरडून संत्री विकली. पुढे उभ्या बागांचा सौदा करायला लागले. झाडावरची फळं नजरेनं जोखायची आणि बागवानाशी भाव फोडायचा. आता अमरावतीला सुक्या मेव्याचं दुकान आहे. माझ्याशी भाव करायला येणारा माणूस आधी पाणी पितो, असं बाजारात म्हणतात. म्हणू द्या.

पण एक सौदा मला जमला नाही, तो घरचा. बाबा गेल्यावर मी माझा वाटा मागितला. आमच्याकडे बहिणी वाटा मागत नाहीत, हक्क सोडून सही देतात आणि दिवाळीला लुगडं घेतात. मी सही दिली नाही. भावानं वाटा दिला, पण नाल्याकडचा, बरड, दगडाचा. विहीर त्याच्या बाजूला राहिली. "जमीन मांगतली व्हती ना तुनं? घे जमीन. पानी कुठं मांगतलं व्हतं?" असं सगळ्यांसमोर म्हणाला. माझा भाऊ माझ्याहून धाकटा. गाव त्याला नानाभाऊ म्हणतं.

मी त्या दगडात विहीर खोदली. पाणी लागलं, गोड लागलं. संत्र्याची कलमं लावली, पोरांसारखी वाढवली. त्यांचा पहिला ताण दिला, आणि तोडायच्या दिवशी मोटर लावली तर नुसती हवा. विहीर कोरडी. पाणी शोधून टँकर येईपर्यंत कितीतरी झाडं वाळून काडीगत कडकडायला लागली होती. मग शिडी लावून खाली उतरले. भिंतीत एक भोक होतं, गोल, स्वच्छ, कुणी पेन्सिल खुपसून काढल्यासारखं. भावानं त्याच्या विहिरीतून आडवं बोर मारलं होतं, थेट माझ्या दिशेनं. आमच्याकडे ही रीतच आहे. विहिरीला खाली पाणी लागेना की बाजूला छेद द्यायचा आणि ज्याच्या पोटातून पाणी येईल त्याच्या पोटातून घ्यायचं. तक्रार केली. साहेब आले, वाकून बघितलं, म्हणाले, जमिनीखालच्या पाण्याला बांध-धुरा नसतो. चहा पिऊन गेले. त्या दिवसापासून मी आणि भाऊ बोललो नाही. धुऱ्यावर समोरासमोर आलो तरी एकानं आकाश बघायचं, दुसऱ्यानं चप्पल.

चार वर्षांपूर्वीच्या ताणात मी इराणला गेले. ताण दिला की बागायतदाराला हातावर हात ठेवून बसण्यापलीकडे काम नसतं, आणि मला बसवत नाही. अमरावतीचे दोन व्यापारी पिस्त्याचा माल बघायला निघाले होते, त्यांच्यासोबत मीही. मधे एक दिवस मोकळा मिळाला तो यझ्द नावाच्या गावात.

वाळवंटातलं जुनं गाव, सगळं मातीचं. माती आणि गवत कालवून लिंपलेल्या भिंती, आमच्या कुडाच्या घरासारख्याच, पण चार पुरुष उंच आणि शेकडो वर्षं जुन्या. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून माणूस आला तर एकानं दारात शिरावं. काही गल्ल्यांवर कमानी आणि छत. आत गेलं की ऊन मागे राहतं आणि आपल्याच पायांचा आवाज मागून येतो. रस्त्याकडे एकही खिडकी नाही. फक्त दारं, आणि प्रत्येक दाराला दोन कड्या, एक जड, एक हलकी. पुरुषांनी जड वाजवायची, बायकांनी हलकी, म्हणजे आतल्याला कळतं कोण आलं. छपरांवर मातीचे उंच मनोरे, त्यांना उभ्या फटी. वारा पकडून खाली घरात सोडायला बांधलेले. उन्हाळ्यात ते कामाचे असतील, मी गेले तेव्हा थंडी होती आणि ते नुसते उभे होते. वळून बघितलं की वाटायचं, मघाशी हा मनोरा इतका जवळ नव्हता.

सोबत फरहाद होता. पुण्यात शिकलेला पोरगा, हिंदी बोलणारा, मराठीतला एकच शब्द येणारा, 'चालेल'. गाव दाखवायचे त्यानं सांगितलेले पैसे मी निम्म्यावर आणले तेव्हाही तो 'चालेल'च म्हणाला. त्यानं जुनी मोठी मशीद दाखवली. निळ्या फरशांचं उंच दार, त्यावर दोन मिनार, मान मोडेल इतके वर गेलेले. अग्नीचं देऊळ दाखवलं, जिथला विस्तव पिढ्यान्‌पिढ्या विझू दिलेला नाही. गावाबाहेर टेकडीवर गोल भिंत दाखवली, तिथं पूर्वी पारशी लोक मढी उघड्यावर ठेवत. मी सगळं बघितलं, पण माझ्या डोक्यात एकच. नदी नाही, पाऊस नाही, तळं नाही. मग हे गाव इतकी वर्षं प्यालं काय?

"मौसी, पानी नीचे है," फरहाद म्हणाला. "आप उसी के ऊपर खड़ी हो."

त्यानं मला एका जुन्या घरात नेलं. राखणदार म्हातारी होती, काळ्या चादरीत, माझ्याच वयाची असेल, पण मी तिला म्हातारी म्हणते. चौकातून एक जिना जमिनीत उतरत होता. उतरत गेलो. प्रत्येक वळणावर हवा गार होत गेली, नाकाला ओल्या मातीचा वास आला. आणि तळाशी, घराच्या पोटात, पाणी. हातभर रुंद, पायाच्या घोट्याएवढं खोल, एका काळ्या भोकातून येऊन दुसऱ्या काळ्या भोकात जाणारं. दूरच्या डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून आडवं भुयार खोदत, उताराची रेघ न चुकवता, इथवर आणलेलं. तिकडे त्याला कनात म्हणतात, आपल्या मंडपाच्या कनातीशी त्याचा संबंध नाही. ती खोदणारे लोक पांढरे कपडे घालून उतरत. वर माती ढासळली तर तेच कफन.

मी बसलेच. आडवं बोर! माझं कपाळ फोडणारी तीच चीज, आणि या लोकांनी तिच्यावर शहर उभं केलेलं.

म्हातारीनं सांगितलं आणि फरहादनं हिंदीत केलं. या गल्लीतल्या सगळ्या घरांखाली असा जिना आहे. वरच्या अंगाच्या घराला पाणी आधी, खालच्याला नंतर. पूर्वी पाळी मोजायला तांब्याची भोकाची वाटी पाण्यावर सोडत, वाटी भरून बुडली की पाळी संपली. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्ताला घटिकापात्र सोडायचे, तसंच. दुसऱ्याच्या भुयाराजवळ नवं भुयार खोदायला बंदी होती. उन्हाळ्याच्या दुपारी बायका खाली येऊन बसत, आणि वरच्या घरात कुणी बोललं की पाण्यावरून खालच्या घरात ऐकू येई. कुणाची सून रडते, कुणाचा नवरा काय बोलला, सगळं.

"और किसी ने चोरी से काट लिया तो?" मी विचारलं.

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मग फरहादकडे वळून काहीतरी बोलली. त्यानं लगेच सांगितलं नाही.

त्याच वेळी मला आवाज आला. वरच्या अंगाच्या भोकातून, बाईचा. शब्द कळत नव्हते, पण ती भांडत नव्हती, हाक मारत होती. एकच नाव असावं. हाक, मग थांबणं, उत्तराची वाट बघण्याइतकं, मग पुन्हा. मी म्हटलं, "शेजारीन बुला रही है किसी को." फरहाद म्हणाला, "पानी की आवाज़ है, मौसी." पण म्हातारीनं माझ्या मनगटाला धरलं. वर आल्यावर तिनं शेजारच्या घराकडे बोट दाखवलं. दाराला कुलूप, कुलपावर माती, दोन्ही कड्या गंजून दाराला चिकटलेल्या. त्या घरात फार वर्षांपासून कुणी राहत नाही, ती म्हणाली. आणि आवाजाला ओ द्यायची नाही.

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझी आई होती तोवर हेच सांगायची. भर दुपारी विहिरीवर कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीला नाही, तिसरीला वळून बघायचं.

मग फरहादनं चोरीच्या प्रश्नाचं मघाचं उत्तर दाखवायलाच नेलं. गावाच्या खालच्या अंगाला एक आख्खा मोहल्ला होता. वर कुणीतरी खोल विहिरी पाडल्या, यंत्रं लावली, भुयारातलं पाणी आटलं. लढाई नाही, भूकंप नाही. जगावर राज्य करायला निघालेल्या फौजा या वाळवंटाला टाळून गेल्या म्हणतात, पण पाणी गेलं आणि माणसं निघून गेली. मातीची घरं मातीत परत चालली होती, मेणबत्त्या वितळाव्यात तशी. भिंती गुडघ्याएवढ्या, कमानी अर्ध्या, मधे दारं मात्र अजून उभी, कुलूपबंद. भिंत नाही पण कुलूप आहे. मी एका दाराची हलकी कडी वाजवली. का वाजवली, ठाऊक नाही. सौद्याला आलेल्या बाईनं वाजवावी तशी. आवाज खोल आत गेला, जणू मागे अजून घर होतं. फरहाद म्हणाला, "चलिए मौसी." त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या आवाजातलं 'चालेल' गेलं होतं.

लहानपणी बाबा मला कलमं आणायला अचलपूरला न्यायचे. तिथल्या हौज कटोरा नावाच्या जुन्या जलमहालाच्या पडक्या भिंती दाखवून सांगायचे, इथं पूर्वी मातीच्या नळांनी जमिनीखालून पाणी फिरायचं, तिकडून इराणातून आलेल्या कारागिरांनी केलं होतं म्हणतात. मी विचारायची, मग आता का नाही? बाबा म्हणायचे, "पानी नाई सोडून गेलं. मानसंच सोडून गेले." परतीच्या विमानात हे आठवलं, आणि मनाला बरं वाटायच्या ऐवजी राग आला. कारण मी घरून निघतानाच ठरवून गेले होते, आल्या आल्या ते भोक बुजवायचं, आणि आता तेच टोचायला लागलं होतं.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. मी नाल्याचं पाणी गाळून विहिरीत सोडायची सोय केली होती आणि माझी विहीर तुडुंब होती. भावाची विहीर स्वतःच्या झऱ्यांवर जगत नव्हती, तिचे झरे सभोवतालच्या बोरांनी कधीच पिऊन टाकले होते. ती माझ्या पाण्यावर जगत होती, त्या भोकातून. त्याची बागही ताणावर होती. माझ्यासारखीच त्यालाही चार-पाच दिवसांत पाणी सोडायचं होतं. म्हणजे आता डाव उलटला होता. जे त्यानं माझ्या झाडांचं केलं, ते मी त्याच्या झाडांचं करू शकत होते, सिमेंटच्या एका पोत्यात.

मोटर लावली, सगळं पाणी शेततळ्यात उपसलं. पाणी भोकाच्या खाली उतरायला काही दिवस लागले. गवंडी बोलावला. तो आला, काठावर बसला, बिडी पेटवली आणि म्हणाला, "बारा वाजले बाई. या टायमाले विहिरीत उतरत नसते."

"मंग कवा उतरते? मुहूर्त काढू का बामन बोलावून?"

"जेवून घेतो. ऊन कलू द्या."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, बघतेच भोक किती मोठं झालं आहे, आणि उतरले. लुगडं खोचून, शिडीनं. खाली गुडघाभर पाणी, वर आकाशाचा गोल ताटाएवढा. भोक माझ्या तोंडासमोर होतं. त्यातून गार हवा येत होती, ओल्या मातीच्या वासाची, आणि मला यझ्दचा तो जिना आठवला. हवा येत होती, मग थांबत होती, मग उलटी आत जात होती. श्वासासारखी.

मग भोक बोललं.

"माय?"

भावाचा आवाज. तोही त्याच्या विहिरीत उतरलेला असणार, पाणी कुठं गेलं बघायला. पण तो असा आवाज नव्हता जो मी ओळखते. आठ-नऊ वर्षांच्या पोराचा असावा तसा बारीक झालेला.

"माय, तू हाय का तिकडं?"

मी ओ दिली नाही. आईची शिकवण, आणि धंद्याचीही. सौद्यात जो आधी बोलला तो हरला.

"माय, बाईले सांग ना व. तिनं पानी तोडलं. झाडं वायतील माही. तुह्या हातची झाडं हायेत ना थे?"

बाई म्हणजे मी. थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात.

माझा आवाज वयानं आईसारखा झाला आहे. सगळे म्हणतात. फोनवर मावशी अजून दचकते. त्या क्षणी मला कळलं की मी काहीही मागू शकते. आईच्या आवाजात एक वाक्य, 'बाईले अर्धी बाग दे रे', आणि त्यानं संध्याकाळी कागद करून दिला असता. आयुष्यात इतका स्वस्त सौदा पुन्हा आला नसता. शब्द जिभेवर आले होते. खोटं सांगत नाही, तोंड उघडलंही होतं.

पण त्या भोकातून हवा आत ओढली जात होती. आणि मला यझ्दची ती बाई ऐकू आली. हाक, थांबणं, पुन्हा हाक. तीही कुणाच्या तरी आवाजात काहीतरी मागायला बसली असेल, आणि मग तो आवाज तिला परत सोडता आला नसेल. मेलेल्याच्या तोंडानं एकदा बोललं की मेलेलं तोंड आपल्यालाच चिकटतं, असं तेव्हा वाटलं. आज दिवसाउजेडी लिहितानाही तसंच वाटतं.

"माय नाई," मी म्हटलं. "मी होय. बाई."

पलीकडे तो खाकरला, थुंकला. मोठ्या माणसाचा आवाज परत आला.

"तूच होय! मले वाटलंच. बापाच्या विहिरीचं पानी तोडते, लाज नाई वाटत?"

"बापाची तुह्याकडं. ही माही. माह्या पैशाची. अन् भोक कोनी पाडलं रे चोट्ट्या?"

"मंग काय झाडं मारतं?"

"तू मारली व्हती ना. माही."

मग म्हणाला, "बोल. काय घेतं?"

तेव्हा माझ्या जिवात जीव आला. हे बोलणं मला येतं. मी म्हटलं, तुझ्या बागेला पाणी देते, ठरल्या पाळीनं, मोटरीचं बिल तुझं. आणि माझी जितकी झाडं वाळली तितकी कलमं माझ्या वावरात तू लावायची. तुझ्या हातानं.

"निम्मी लावतो."

"सगळी."

"गुडघे गेले माहे बाई. मानसं लावतो मी, त्यायच्या हातून..."

"तुह्या हातानं. अन् रस्त्याकडच्या धुऱ्यापासून सुरू करायचं. येनाऱ्या जानाऱ्याले दिसलं पायजे."

त्यानं मला अशी शिवी दिली जी आमच्या बाबांची होती. मग म्हणाला, "मंजूर." आणि शिडीवर पाय ठेवल्याचा आवाज आला. मीही वळले. तेव्हा तो पुन्हा बोलला, हळू.

"अन् एक आयक. मले नानू म्हनून हाक नको मारत जाऊ. थे मायच म्हने."

"मी कवा मारली?"

"कवा म्हंजे? चार-पाच दिसापासून मारून राहिली ना या भोकातून. पयल्या हाकेले ओ नाई देल्ली मी, दुसरीलेई नाई. म्हनून तं आज उतरलो."

मी वर बघितलं. ताटाएवढ्या आकाशाच्या कडेला गवंड्याच्या बिडीचा धूर होता. इराणहून आल्यापासून मी त्या विहिरीत त्या दिवशी पहिल्यांदा उतरले होते. चार-पाच दिवस तिथं फक्त पाणी उतरत होतं. त्याला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सौदा मोडला असता, असं मी तेव्हा स्वतःला म्हटलं.

भोक मी बुजवलं नाही आणि उघडंही सोडलं नाही. त्यातून पाइप घातला, भोवती सिमेंट भरलं, आणि पाइपाचं तोंड वळवून माझ्या विहिरीच्या काठावर आणलं. त्याच्या पाळीला झाकण काढते, मोटरीचं पाणी त्यात सोडते, ते भिंतीतून त्याच्या विहिरीत पडतं. गवंडी म्हणाला, बाई, धुऱ्यावरून पाइप टाकला असता तर निम्म्या खर्चात झालं असतं. खरं आहे. पण धुऱ्यावरचा पाइप गावाला दिसला असता. मी भावाला पाणी देते हे गावाला दिसायला नको. त्यानं वाकून कलमं लावली ते दिसलं, तेवढं पुरे. ती लावताना तो एक अक्षर बोलला नाही, मीही नाही. धुऱ्यावर आम्ही आजही बोलत नाही. राग गेला असं कुणी समजू नये. वाळलेली झाडं मला अजून नावानं आठवतात.

त्याची कलमं आता माझ्या कमरेच्या वर आहेत. यंदा त्यांनाही थोडा ताण दिला आहे. सगळी बाग पुन्हा गप्प उभी आहे, आणि उद्या त्याचा ताण तोडायची पाळी.

ती अशी असते. मी झाकण काढते. त्याच्या बाजूला तो विहिरीच्या काठावर येऊन उभा राहतो. पाणी सोडायच्या आधी मी पाइपात मोठ्यानं म्हणते, "मी होय. बाई." पलीकडून येतं, "मी होय. नाना." मग आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोलत नाही. झाकण हातात, मोटरीच्या बटणावर बोट, कान पाइपाशी. तिसरं कुणी काही म्हणतं का, ते ऐकतो. मग मी पाणी सोडते.